ज्याला बोट लागते

"पोटात काही नाही ना?" कानाच्या डॉक्टर बोच्वे मॅडमनी विचारलं.

काक्राने मान हलवली. सकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"असलं तरी टिकतं कुठे?" खुर्चीतून एजीर मामा म्हणाला. "आमच्या भागातले मासे याच्या न्याहारीवरच पोसलेत, मॅडम."

मुलांची आई आराबा भावाच्या बोलण्यावर हसली नाही. मंगळवार होता, समुद्राच्या विसाव्याचा वार. त्या दिवशी किनाऱ्यावरून एकही होडी निघत नाही, म्हणून काक्राच्या ओकाऱ्यांची तपासणी करायला घानातल्या केप कोस्टच्या दवाखान्यात चौघांना एकत्र येता आलं होतं. ती, तिचा भाऊ आणि तिची जुळी मुलं; थोरला पान्यिन, धाकटा काक्रा.

मामाची होडी भाच्याकडेच जायची, ही रीत. पण इथे भाचे दोन होते. मामाचे गुडघे आता बुडी मारू देत नव्हते. खडकात अडकलेलं जाळं पाण्याखाली जाऊन सोडवतो, तोच पुढे तांडेल होतो. मामाने मनाशी थोरल्याचं नाव ठरवून टाकलं होतं. पान्यिनला आजवर कधी बोट लागली नव्हती. लाटा होडी उभी-आडवी करत असल्या, तरी तो आंबवलेल्या मक्याच्या केंकीचा गोळा मिरचीच्या ठेच्यात बुडवून शांतपणे खात बसे. म्हातारे खलाशी म्हणत, याला समुद्राने आपलं म्हटलंय. उद्या तो पहिली बुडी मारणार होता.

काक्रा मात्र किनारा दिसेनासा होण्याआधीच काठावर ओणवा व्हायचा. त्याला समुद्रापासून दूर, कुमासी शहरात चुलत्याच्या टायरच्या दुकानात धाडायचं ठरत होतं, आणि तो जायला तयार नव्हता. ओकत का होईना, रोज होडीत चढायचा आणि भावाशेजारची जागा सोडायचा नाही.

मामा त्याला हेवा म्हणे. आराबालाही आत कुठेतरी तसंच वाटे, आणि मग रात्रीच्या प्रार्थनेत ती त्याबद्दल क्षमा मागे. कारण चर्चमध्येसुद्धा हा मुलगा आईजवळ बसत नसे. थोरल्याच्या पाठीमागची जागा धरून ठेवी. आत्ता येतानाही तसंच झालं होतं. थोडा वेळ वीज गेल्यामुळे दवाखान्याचा बोळ अंधारा होता. पान्यिन भिंतीला बोटं लावत सावकाश चालत होता, आणि काक्रा विजेरी घेऊन त्याच्यापुढे धावला होता.

मॅडमनी काक्राला आडवं केलं, डोळ्यांवर काळा चष्मा बांधला. चष्म्याच्या आतल्या कॅमेऱ्यातून त्याचे डोळे पडद्यावर दिसू लागले. मग त्यांनी कानात थंड पाणी सोडलं आणि माशांची नावं सांगत राहायला सांगितलं, मन जागं राहावं म्हणून. तिसऱ्या नावाला त्याची जीभ अडखळली. पडद्यावर बुबुळं एका बाजूला सरकत होती, झटक्याने परत येत होती, पुन्हा सरकत होती. काक्राने खाट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओकायला भांडं मागितलं.

"कोरड्या जमिनीवरसुद्धा," मामा म्हणाला.

मॅडमनी थोरल्याला खाटेवर बोलावलं. वय एक, रक्त एक, म्हणून तुलनेला थोरल्यालाही तपासून घेऊ, असं त्या आधीच म्हणाल्या होत्या. पान्यिन आडवा झाला. कानात पाणी गेलं. तो माशांची नावं सांगत राहिला, मग होड्यांची, मग होड्यांवर रंगवलेली वचनं. पडद्यावरचे डोळे स्थिर होते. मॅडमनी पाणी बदललं, दुसरा कान घेतला, शेवटी बर्फाचं पाणी आणवलं. पान्यिनने थंडीने खांदे आवळले, इतकंच.

"खडक आहे खडक," मामा आराबाच्या कानाशी पुटपुटला.

मग मॅडमनी त्याला समोर बसवलं. "माझ्या नाकावर नजर ठेव," म्हणाल्या, आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून अचानक थोडंसं वळवलं. एकदा या बाजूला, एकदा त्या. प्रत्येक वेळी त्याची नजर नाकावरून सुटली आणि मागाहून धावत आली.

मॅडमनी हात खाली घेतले. "लहानपणी याला कसला आजार झाला होता?"

आराबा गोंधळली. तपासणी धाकट्याची होती. तरी तिने सांगितलं. पाच वर्षांचा असताना मोठा ताप आला होता. महिनाभर सुया चालल्या होत्या. देवाने परत दिला. मग चालायला पुन्हा शिकला, आणि तेव्हापासून याला बोट लागलीच नाही.

"सुयांनी जीव वाचला," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्याच औषधाने कानातला तोल गेला. काक्राला काही झालेलं नाही. कान जिवंत असला की बोट लागते. त्याला जरा जास्त लागते, त्यावर गोळ्या आहेत. पान्यिनच्या कानाला होडी हललेली कळतच नाही. तो डोळ्यांवर चालतो. गढूळ पाण्याखाली वर कुठे नि खाली कुठे, हे त्याला समजणार नाही."

"उगाच काहीतरी," मामा म्हणाला. पण आवाज खाली आला होता. "उद्या बुडी मारायचीय त्याला."

मॅडमनी फोमची जाड गादी जमिनीवर टाकली आणि पान्यिनला वर चढून पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला.

"आता डोळे मीट."

"मी प्रार्थनेतही मिटत नाही," पान्यिन जमिनीकडे बघत म्हणाला.

"माहीत आहे," आराबा म्हणाली. इतकी वर्षं ती त्याला त्यावरून बोलत आली होती. "मीट, बाळा."

मॅडम त्याला सावरायला पुढे सरकल्या. पान्यिनने डोळे मिटले आणि तोडलेल्या झाडासारखा मागे गेला.

काक्रा कधीच त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला होता, दोन्ही हात पुढे करून, दर रविवारी चर्चमध्ये उभा राहतो तसा.