हात लावू नये

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बापलेकीनं छंद म्हणून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. मेमरीचा आकार ठेवायला जानरावांनी 'इंट' हा उणे आकडेही धरणारा प्रकार घेतला. "बाबा, दोन जीबीच्या वर गेलं की आकडा उणे दाखवते. अनसाइन्ड करा, म्हणजे उणे जाणारच नाही," म्हणत सारिकानं ओळ बदलली. "मले शिकवून राह्यली का वं?" त्यांनी ती होती तशी केली, वर टीपही ठोकली. आज जळगाव जामोदच्या कॉलेजात प्रात्यक्षिकाला सिस्टिम तीन जीबीच्या मशीनवर सुरू झाली. पडद्यावर आलं: 'मेमरी उणे एक जीबी'. सभागृहात हशा पिकला. "हिनंच हात लावला असन!" जानराव माइकवरून कडाडले. सारिकाच्या डोक्यात सणक गेली. तिनं त्या ओळीची फाईलच पडद्यावर उघडली. सगळ्यांनी वाचलं: 'ही ओळ जानरावची. कोणी हात लावू नये.' "दुरुस्त कर ना वं," बाप पुटपुटला. तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले.