उसनी हनुवटी

"ओठापास्नं खाली कायबी शिल्लक न्हाई ह्यात," राजरत्न फोटो उजेडात धरून म्हणाला. "पाणी लागून काचंला चिकटलाय. वरचं तोंड साफ करीन मी, पर हनुवटी आणू कुठनं?"

समोर बसलेला मानसिंग कवठे महांकाळचा. कुपवाडच्या कारखान्यातली पाळी संपवून तसाच मोटारसायकलवर सांगलीत आला होता. फोटो त्याच्या वडिलांचा, फौजी टोपीतला.

"पासष्टच्या लढाईत गेलं. मी जल्मलो ते मागनं म्हयन्याभरानं," तो म्हणाला. "मी रांगत हुतो तवा घर गळलं, तवाच फोटूची ही गत झाली. बापाचं तोंड एकदाबी पुरं बघितलं न्हाई मी. आख्खं गाव म्हंतं, मानसिंग हुबेहूब बापावर गेलाय. पर मला कसं कळावं?"

"हुबेहूब? मग झालंच की काम."

अठ्ठ्याण्णव साल होतं. स्कॅनर आणि कॉम्प्युटर घेऊन राजरत्ननं दुकान थाटलं, तेव्हापासून शेजारचा झेरॉक्सवाला केरबा त्याला 'मढी उठवणारा' म्हणून चिडवायचा. राजरत्नची एक रीत होती. फोटोत जे उरलं नाही, ते रक्ताच्या माणसाकडून उसनं घ्यायचं. कान भावाचा, कपाळ बहिणीचं, हनुवटी पोराची. रक्त खोटं बोलत नाही, असं तो गिऱ्हाइकाला ठासून सांगायचा. आणि गेलेल्या माणसाला ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय, त्याचा होकार आल्याशिवाय फोटो छापायचा नाही.

त्यानं मानसिंगला स्टुलावर बसवून चेहऱ्याचे चार फोटो काढले. "येताना आईला घेऊन या. त्यांच्याबिगर काम पुरं व्हायचं न्हाई."

"ती नगंच म्हंती ह्या फोटूचं," मानसिंग जरा ओशाळून म्हणाला. "गेलेल्याला कशाला उकरून काढतोस, म्हंती. तरी आणतो."

पंधरा दिवस राजरत्न त्या चेहऱ्याशी झटत होता. मानसिंगची हनुवटी रुंद, मधोमध खळी असलेली. टोपीखालच्या अरुंद गालांशी ती काही केल्या जुळेना. त्यानं गाल जरा भरले, जबडा थोडा आत घेतला, सावली सारखी केली. शेवटी तो जवान पडद्यावरून सरळ त्याच्याकडे बघू लागला, तेव्हा राजरत्नलाच भरून आलं.

मानसिंगची आई रंगूबाई आल्या त्या दारात चपला काढून. मानसिंगनं त्यांना हात धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. राजरत्ननं चित्र उघडलं.

म्हातारी पडद्याजवळ वाकून चित्र न्याहाळू लागली. मानसिंग चित्राकडे कमी आणि आईच्या तोंडाकडेच जास्त बघत होता.

"आये, ह्येच का गं?"

"व्हय रं," रंगूबाई म्हणाल्या. "ह्योच तुजा बाप."

एवढा थोराड गडी, पण आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून उठला आणि अख्ख्या गल्लीला पेढे वाटायचे म्हणून बाहेर पडला.

राजरत्नच्या मनात मात्र त्या गालांची रुखरुख होती, आणि विचारल्यावाचून गप्प बसेल तर तो राजरत्न कसला. त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, आता खरं सांगा. हनुवटी जमलीय न्हवं? अजून छापलं न्हाई."

"न्हाई जमली," रंगूबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या मालकांची निमुळती हुती. खळीबी न्हवती."

"मग मगाशी व्हय का म्हणालासा? थांबा, आत्ता बदलतो." त्यानं हात पुढे केला.

रंगूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"नगं लेकरा, हात लावू नगंस. आसाच छाप. मालक गेलं तवा माजी कूस रिकामीच हुती. बेळगावच्या छावणीतनं गावाकडं येताना मिरजेच्या फलाटाव ह्यो घावला मला, फडक्यात गुंडाळल्याला. गाव म्हंतं बापावर गेलाय, आन् बत्तीस वर्सं माजा जीव मुठीत. आज पैल्यांदा बाप ल्योकावर गेलाय."