आलोच हं

माझा न्हावी तसा सज्जन माणूस. पण मी जरा काही सुचवलं, म्हणजे 'कल्ले वर-खाली झालेत' किंवा 'मिशी डावीकडे जास्तच गेली', की तो वस्तरा खाली ठेवतो, "आलोच हं" म्हणतो आणि मागच्या पडद्याआड जातो. परत येतो तो एकदम हसतमुख. इतका, की मला संशय यायला लागला.

आज तो आत गेला, तसा मी गळ्यातल्या कापडासकट उठलो आणि पडदा हळूच सरकवला. आत प्लास्टिकचं एक डोकं होतं, शिकाऊंना सरावाला देतात तसलं. न्हावी दात-ओठ खात त्याचे केस भादरत होता. डोक्याला चष्मा होता, थेट माझ्यासारखा.

मी गुपचूप खुर्चीत येऊन बसलो. तो आला, वस्तरा उचलला, गोड हसला. "बोला साहेब, आणखी काही?"

"छे छे! झकास झालंय."

घरी आल्यावर बायकोला सहज म्हटलं, "भाजी जरा जाडच चिरतेस तू."



ती नेहमीसारखी गोड हसली, सुरी खाली ठेवली, "आलेच हं" म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.