दोनशे किलोमीटरचं मेडल

दोनदा हुकलेलं सायकल क्लबचं दोनशे किलोमीटरचं मेडल यंदा मिळवायचंच, म्हणून दीपक पहाटेच रत्नागिरीहून सायकलवर निघाला होता. परतताना संगमेश्वरला हौसामावशीच्या टपरीवर चहा घेतला आणि बाकड्यावर जरा आडवा झाला. अर्ध्या तासाने उठून बघतो तर सायकल गायब.

"घाबरू नको रे," मावशी म्हणाली. "तुझे हाल बघवंनात. आमचा बाबल्या रत्नांग्रीस चाललावता, त्याच्या टेंपोत टाकली. तू आता यष्टीनं जा आरामात."

"अहो मावशी, माझा मोबाईलपण सायकललाच लावलेला होता!"

"मग तोपण पोचंल. बाबल्या प्रामाणिक हाय."

दीपकने मावशीचा फोन घेतला आणि हेल्मेटवर लिहिलेला क्लबचा नंबर लावला. "हॅलो, दीपक बोलतोय," एवढंच तो म्हणाला, तर पलीकडून सेक्रेटरी अक्षया ओरडलीच.

"दीपकदादा, तुझ्या मोबाईलच्या लोकेशनवरून आम्ही सगळे मॅपवर तुलाच बघतोय! बावनदीचा चढ पन्नासच्या स्पीडने? आणि वर फोनपण करतोयस? अरे, रेकॉर्ड होणार! हार आणलाय, पेपरवालेपण आलेत!"

दीपकने फोन हळूच बंद केला. तो मावशीच्या हातात दिला.

"मावशी, बाबल्याला फोन लावा," तो म्हणाला. "म्हणावं, रत्नागिरीच्या अलीकडे हातखंब्याला माझ्यासाठी थांब, मी एसटीने येतो. आणि तिथपर्यंत टेंपो जरा दमल्यासारखा चालव."