लांब उत्तराचा प्रश्न

"क्वांटमचं पुस्तक द्या," म्हातारा शिंपी म्हणाला, आणि नाव बरोबर घेतलं की नाही, म्हणून दुकानदारीणबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिला.

बाईंना कोण आनंद झाला. त्या स्वतः पदार्थविज्ञान शिकलेल्या, पण गिऱ्हाइकं यायची ती परीक्षेची गाइडं मागायला. त्यांनी लगबगीने तीन पुस्तकं काढून टेबलावर मांडली. पहिलं अगदी नवख्यासाठी, चित्रंबित्रं असलेलं. दुसऱ्याला गणित पक्कं हवं. तिसरं पार पुढचं, संशोधन करणाऱ्यांचं. मधली पायरी गाळलीत तर तोंडघशी पडाल, असंही त्यांनी बजावलं.

तिसऱ्यापर्यंत पोचायला किती दिवस लागतील, असं शिंप्याने विचारलं. दिवस कसले, वर्षं लागतात, असं उत्तर आलं. शिंपी सत्तरी ओलांडलेला. त्याने पहिली दोन पुस्तकं हळूच बाजूला सारली. लेक परदेशात हाच विषय करते, म्हणजे ती तिसऱ्याच पुस्तकात असणार, एवढं त्याला कळत होतं.

कापड चाचपावं तसं त्याने पान चाचपलं. भाषा परकी, त्यात चिन्हांचं रान माजलेलं. प्रकरणाच्या शेवटी मात्र आकडे घालून प्रश्न दिले होते, ते त्याने ओळखले. यांची उत्तरं कुठे आहेत, म्हणाला.

"या पुस्तकात उत्तरं नसतात, काका. ती आपली आपण शोधायची."

शिंप्याचा चेहरा खुलला. हेच बांधून द्या, म्हणाला. बाईंना राहवेना. यातलं तुम्हाला ओ की ठो कळायचं नाही, पुस्तक उगाच धूळ खात पडेल, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

"मला कळायला कशाला हवं? बायको होती तोवर मायलेकी फोनवर तासन्‌तास बोलायच्या. आता पोर विचारते, जेवलात का. मी हो म्हणतो. मी विचारतो, तू जेवलीस का. ती हो म्हणते. झालं. तिचा आवाज कानात बसायच्या आत फोन बंद."

शिंप्याने पुस्तक बाईंकडे फिरवलं आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. "याचं उत्तर समजावून सांगायला किती वेळ लागेल?"

बाईंनी चष्मा लावून प्रश्न वाचला. मनातल्या मनात थोडा सोडवूनही पाहिला. तासभर तरी लागेल, म्हणाल्या.

"मग याच्याहून सोपे असतील, तेवढे खोडून द्या."