लल्लाच्या हातचं

“यात फूल घातलं होतं की फुलाचा फोटो?” लल्ला मन्नूबियाने एक घोट घेऊन कॉफीचा कप दूर सारला.

फुलांच्या पाण्याचे चार थेंब कॉफीत टाकून चव पाहायची, ही ट्यूनिशियातल्या नाबुल गावची परीक्षा. घुफ्रानचा हा पाचवा नमुना होता. पाचवाही नापास.

“आई, निदान दुसरा घोट तरी घे,” सी मुख्तार म्हणाले. कडू नारिंगाच्या फुलांचं पाणी काढणारा नाबुलमधला सर्वांत मोठा कारखाना त्यांचा होता, आणि आईसमोर ते वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे उभे होते.

“दुसरा तू घे. तुला सवय आहे.”

अडचण साधी होती. नाबुलमध्ये वसंत आला की प्रत्येक घर आपापलं पाणी काढतं. घरात विकतचं पाणी सापडणं म्हणजे शेजारणींना वर्षभराचा विषय पुरवणं. त्यामुळे सी मुख्तारांचा माल सातासमुद्रापार खपायचा, फक्त कारखान्याच्या फाटकासमोर खपायचा नाही. आणि त्या फाटकासमोरच्या बायका ज्या पाण्याची शपथ घ्यायच्या, ते होतं लल्ला मन्नूबियाचं. लग्न असो, बाळंतपण असो, तिची एक बाटली गेल्याशिवाय कार्य पुरं होत नसे.

म्हणून विद्यापीठाशी करार झाला. ‘विद्या उद्योगाच्या दारी’ असा फलक लागला. प्राध्यापक अन्वर यांनी भाषण केलं, विद्येला, म्हणजे शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी घुफ्रान हिला, दारी सोडलं आणि ते ट्यूनिसला परतले.

तिने दोन प्रश्न सोडवायचे होते. एक, कारखान्याच्या पाण्याला घरची चव आणायची. दोन, कोठारातलं पाणी दरवर्षी थोडं कमी का भरतं ते शोधायचं. दुसऱ्याचं उत्तर प्राध्यापकांनी सही करता करताच देऊन टाकलं होतं: बाष्पीभवन.

पहिलं मात्र लल्लाच्या जिभेवर अडलं होतं. ती ‘हो’ म्हणाली की सी मुख्तार प्रकल्पावर सही करणार, पदवी मिळणार, वर प्रयोगशाळेत नोकरी. ती ‘नाही’ म्हणाली तर घुफ्रानने गाफ्साला घरी जायचं. तिथे आत्याच्या मोबाइलच्या दुकानातला गल्ला वडिलांनी तिच्यासाठी राखून ठेवला होता.

शेवटी ती लल्लाच्या घरी गेली. घर कारखान्याच्या पाठभिंतीला लागूनच होतं.

“लल्ला, तुमचं पाणी थोडं द्याल? नुसतं ताडून बघायला.”

“यंत्रात घालायला? पोरी, सख्ख्या सुनेला मी भट्टीजवळ उभं केलेलं नाही. तू कोण लागून गेलीस?”

“कुणी नाही. कॉफी छान झालीय.”

“लाडीगोडी नको. बस, खजुराचा मकरूद खा. विद्यापीठात जेवायला घालत नाहीत वाटतं.”

फळीवर लल्लाचं अर्क काढायचं तांब्याचं भांडं होतं. दर शुक्रवारी लिंबाने घासलेलं. त्याच्या बुडात बघून डोळ्यांत काजळ घालावं इतकं लखलखीत.

“किती जपलंय हो.”

“जपावंच लागतं. फुलं निवडून निवडून गुडघे गेले माझे, पण भांड्याला डाग नाही.”

निघताना लल्लाने गुलाबदाणी उचलली. पाहुण्याच्या हातावर आपलं पाणी शिंपडल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, हा तिथला रिवाज. घुफ्रानने ओंजळ पुढे केली. ओंजळीत घडी घातलेला रुमाल होता.

लल्लाने रुमाल पाहिला. हात थबकला. पण पाहुणीला कोरड्या हाताने घालवलं असं उद्या कुणी म्हटलं असतं, तर मेल्यावरही ते पुसलं गेलं नसतं. तिने पाणी शिंपडलं. रागाने जरा जास्तच.

प्रयोगशाळेत यंत्राने त्या पाण्यातल्या घटकांची रेघ काढली. घुफ्रानने रुमालाचा दुसरा कोपरा पिळून पुन्हा काढली. मग ती खुर्चीला टेकली आणि एकटीच हसत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती लल्लाकडे हजर झाली. दोघींनी दार आतून लावून घेतलं. सून बाहेर कान देऊन दमली, पण कुजबुजीपलीकडे काही कळेना. दार उघडलं तेव्हा लल्लाचा चेहरा उतरला होता, पण हात घुफ्रानच्या खांद्यावर होता.

“पोरगी पोटात ठेवणारी आहे,” ती सुनेला म्हणाली. “हिला सांगितलं तर चालेल.”

परीक्षेच्या दिवशी प्राध्यापक अन्वर जेवणाच्या वेळेवर अचूक पोचले. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं होतं. घुफ्रानने सहावा नमुना आणला. कॉफीत थेंब पडले. लल्लाने घोट घेतला आणि डोळे मिटले. सी मुख्तार पुढे झुकले.

“माझंच आहे,” लल्ला म्हणाली. “अगदी माझं. बायांनो, आता म्हातारीचे हात नाही चालत. यापुढे हेच घ्या.”

बायकांनी माना डोलावल्या. लल्लाचा शब्द म्हणजे शेजारणींच्या तोंडाला कुलूप. सी मुख्तारांनी डोळे पुसले आणि सही केली.

“बदललंस तरी काय?” त्यांनी विचारलं.

“ते लल्लाच्या आणि माझ्यात.”

“परंपरा आणि विज्ञान यांचा संगम!” प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी कुसकुसवर माशाचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.

“आणि कोठारातली घट?” सी मुख्तारांनी विचारलं.

“बाष्पीभवनच,” घुफ्रान म्हणाली. “सरांचं बरोबर होतं.”

सरांना त्याचं काडीचंही नवल वाटलं नाही.

पाहुणे निघाले. लल्लाने एकेकाच्या हातावर पाणी शिंपडलं. घुफ्रान शेवटी आली, या वेळी रुमालाशिवाय. लल्लाने तिच्या ओंजळीत गुलाबदाणी रिकामी केली आणि कानाशी तोंड नेलं.

“आता तू इथेच नोकरीला आहेस, पोरी, तर दरवर्षीचं माझं पाणी तूच घरी पोचवत जा. तुमच्या कोठाराच्या त्या मागच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत आता.”