पाहुणीच्या हातची भवानी

"बिनधास्त हात लावा," मधुकर इंग्रजीत म्हणाला. "बघायचे पैसे पडत नाहीत."

इंग्रिडबाईंनी टोपलीतलं सगळ्यात वरचं पापलेट उचललं. बाई नॉर्वेच्या. मधुकरच्या कंपनीला यंत्रं विकायला आल्या होत्या. कंपनीने त्यांच्यासाठी लेणी आणि म्युझियम ठेवलं होतं. पण कुठल्याही देशात गेलं की आधी तिथला बाजार बघावा, लेणी कुठे पळून जात नाहीत, असं त्यांचं मत. म्हणून भल्या सकाळी दोघं अंधेरीच्या मासळी बाजारात उभे होते. बाजार अजून पुरता मांडूनही झाला नव्हता.

बाईंनी मासा उजेडात धरला. कल्ले उघडून बघितले, नाकाजवळ नेला. "सुंदर!" म्हणाल्या, तो जिथल्या तिथे ठेवला आणि पुढे निघाल्या.

"ओ साहेब!" टोपलीमागून सुगंधा कोळीण ओरडली. "भवानी व्हायचीय माझी. पयल्याच गिऱ्हाइकानं मासा उचलून खाली ठेवला, आता दिवसभर कोण घेणार? काल अर्धी टोपली तशीच राहिली, फेकली. आज पण फेकायची काय?"

मधुकरला भवानीसाठी इंग्रजी शब्द सापडेना. बी.कॉम.ला हा विषय नव्हता.

"मी घेतो ना," तो म्हणाला, आणि लगेच त्याला आठवलं की आज घरी सत्यनारायण आहे.

"तुझा काय उपयोग? हात तिचा लागलाय."

शेवटी त्याने थोडं व्यापारशास्त्र आणि थोडा देवधर्म मिसळून बाईंना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पर्स उघडून सुगंधापुढे नोट धरली. "चूक माझी. पण हॉटेलच्या खोलीत मी या माशाचं काय करू?" आणि त्यांनी मधुकरकडे आशेने बघितलं. मधुकरने सत्यनारायण आणि पापलेट एका स्वयंपाकघरात कल्पून पाहिले. त्याला फक्त बायको दिसली.

अडचण सुगंधाच्या कानावर घातली. तिने नोट कपाळाला लावली, टोपलीवरून ओवाळली.

"एवढंच ना?"

मासा साफ झाला, चिरा पडल्या. डबा उघडून तिने स्वतःच्या जेवणातलं कालवण वरून चोळलं आणि शेजारच्या चहा-आम्लेटवाल्याला हाक मारली. "दादू, तवा ठेव."

"अगं, चहाला वास लागेल!"

"लागू दे. एक दिवस तरी चव येईल."

मधुकर काटा-चमचा शोधून आणेपर्यंत इंग्रिडबाई उलट्या खोक्यावर बसून हाताने खायला लागल्या होत्या. शेपटीची कुरकुरीत कड, डोक्याजवळचा मऊ तुकडा, पाठीच्या काट्यालगतचं मांस, सगळं जागच्या जागी सुटून येत होतं. सुगंधा कोयता हातात धरून बघत राहिली. पलीकडची कोळीण वनमाला आपले मासळीचे वाटे सोडून आली.

"गोरी हाय गं, पण खाते कोळणीवानी."

"कोळणीपेक्षा बरी. तू डोकं टाकतेस."

माणसं जमली. नुसतं उभं राहायची लाज वाटली असावी. एकेक जण वाकून पापलेट मागू लागला. एरवी अख्ख्या बाजारावर चढणारा सुगंधाचा आवाज आज लावावाच लागला नाही. बाई हात धुऊन येईपर्यंत टोपलीत नुसता बर्फ उरला होता.

ताटलीत डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड काटा होता. बाजारातलं मांजर आलं, काटा हुंगला, बाईंकडे एकदा नीट बघून घेतलं आणि निघून गेलं.

"साहेब," सुगंधाने विचारलं, "हिचं विमान कधी?"

"परवा."

"मग उद्या लवकर आण. टोपलीला दुसऱ्या कुणाचा हात लागायच्या आत."